हातचा एक

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या घरी दर गुरुवारी सकाळी माझ्या लेकीचं पोट दुखायचं. बुधवारी रात्री छान जेवलेली मुलगी गुरुवारी सात वाजता पांघरुणात मुटकुळं करून पडलेली असायची. चार गुरुवार असे गेल्यावर बायको तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि हिलाच विचारलं, "गुरुवारी शाळेत काय असतं?"

गुरुवारी गणिताची टेस्ट असायची.

हे ऐकून मला वाटलेली लाज अजून आठवते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इथेच इंदूरला बी.ई. केलं, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो आणि त्यावर पोट भरतो. आणि माझ्याच घरात तिसरीतली मुलगी वजाबाकीच्या भीतीने आजारी पडत होती. शिवाय रोज संध्याकाळी तिचा अभ्यास घेणारा मीच होतो. "अगं एवढं सोपं येत नाही?" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याचा हिशोब नाही. ज्याला येत नाही त्याला ते सोपं नसतं, ही गोष्ट कळायला बी.ई. लागत नाही, पण माझ्या लक्षात आली नव्हती एवढं खरं.

त्या रात्री ती झोपल्यावर तिची वही काढली. वजाबाक्यांचं एक पान होतं. पाचांपैकी तीन चुकलेल्या, लाल पेनाने फुल्या मारलेल्या.

५२ − ३८ = २६
७१ − ४५ = ३४
६३ − २७ = ४४

बरोबर आलेल्या दोन होत्या ८६ − ५२ आणि ४७ − १५.

आमच्या कामात एक अनुभव असा की, कधी येतो कधी येत नाही तो बग माणसाला रडवतो. दर वेळी त्याच जागी, तसाच येणारा बग मात्र पकडता येतो, कारण त्याच्यामागे काहीतरी नियम असतो. ही तीन उत्तरं मी पुन्हा पाहिली. बावन्न वजा अडतीस: आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. सव्वीस. एकाहत्तर वजा पंचेचाळीस: पाचातून एक गेला चार, सातातून चार गेले तीन. चौतीस. तिसरंही तसंच. पोरगी अंदाजाने ठोकत नव्हती. ती अगदी प्रामाणिकपणे एक नियम पाळत होती, तो नियम चुकीचा होता एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "हे तू कसं केलंस ते मला शिकव." तिने आधी संशयाने पाहिलं. मग पेन्सिल हातात घेऊन शिकवायला लागली.

"हे बघ बाबा, आठातून दोन गेले सहा."

"पण दोन वर आहेत ना? दोनातून आठ काढायचे आहेत."

"ते जातच नाहीत. लहानातून मोठा नंबर जात नाही. तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं. ती पहिलीत असताना, पाच-सात आकडे शिकवताना, आपण सगळेच सांगतो तसं. तो काही गणिताचा नियम नव्हे, आपली त्या वेळेपुरती सोय असते. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पार्किंगचं बटण 'उणे एक' आहे आणि ते ती रोज दाबते. म्हणजे लहानातून मोठा गेला तर काय होतं हे तिला लिफ्टमध्ये माहीत होतं, वहीत माहीत नव्हतं. आणि वहीत तिने बापाचा शब्द प्रमाण मानला होता.

पण हे अर्धंच कारण निघालं. शाळेत तर दशक मोडायचं शिकवलं होतं, मग ते ती का करत नव्हती? उत्तर स्वयंपाकघरातून आलं. माझी आई तिथे मटार सोलत होती. ती म्हणाली, "मी शिकवलंय की तिला. बारातून आठ गेले चार, हातचा एक. तीन आणि एक चार. पाचातून चार गेले, उरला एक. चौदा."

आता तुमच्या लक्षात आलं असेल. शाळा सांगते, वरच्या पाचातून एक कमी कर. आजी सांगते, खालच्या तिनात एक वाढव. दोघींचं उत्तर चौदाच. पण आठ वर्षांच्या मुलीने दोन्ही ऐकलं, आणि मागच्या पानावर मला तिचे प्रयोगही सापडले. एके ठिकाणी तिने दोन्ही केलं होतं: वरचे पाच खोडून चार, खालचे तीन खोडून चार, उत्तर आलं नुसतं चार. त्यावरही फुली. मग तिने डोकं लावलं आणि ज्यात हातचाही नाही, उधारही नाही, अशी तिसरी, सुरक्षित पद्धत काढली. मोठ्यातून लहान, वर असो की खाली. तीन मोठ्या माणसांच्या तीन नियमांमध्ये सापडलेलं पोर याहून शहाणपणाचं काय करणार?

खरं सांगायचं तर आईची पद्धत का चालते हे मलाही धड सांगता येईना. लहानपणी तीच शिकलो होतो, पुढे कॅल्क्युलेटर आलं आणि विषय संपला. खालच्या आकड्यात एक का वाढवायचा? रात्री झोपताना उलगडलं. आपण वरच्या संख्येला दहा एकक देतो, दोनाचे बारा होतात. मग न्याय म्हणून खालच्या संख्येलाही दहा द्यायचे, पण ते एक दशक म्हणून. दोघांनाही दहा-दहा दिले की दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. बावन्न वजा अडतीस म्हणजेच बासष्ट वजा अठ्ठेचाळीस.

हे लेकीला कसं सांगायचं? तिला विचारलं, आजी तुझ्यापेक्षा किती वर्षांनी मोठी? आजी तेव्हा एकाहत्तर, ही आठ. तिने बोटं मोजत, पुटपुटत त्रेसष्ट काढले. मग विचारलं, आणखी दहा वर्षांनी? ती म्हणाली, "तेव्हा आजी एक्याऐंशी आणि मी अठरा." थांबली. "त्रेसष्टच. मी मोठी झाले तर आजीपण होणारच ना." मी कागदावर ७१ − ८ मांडलं आणि शेजारी ८१ − १८. आजीचा हातचा म्हणजे दोघींचे दहा वाढदिवस. एवढं झाल्यावर तिने स्वयंपाकघरात जाऊन आजीला तिचीच पद्धत समजावून सांगितली. आई साठ वर्षं ही वजाबाकी करत आली होती. म्हणाली, "अगंबाई, असं आहे होय."

आणि शाळेच्या पद्धतीसाठी मी दहाच्या नोटा आणि एकाची नाणी काढली. पाच नोटा, दोन नाणी. भाजीवाल्याला अडतीस द्यायचे. तीन नोटा दिल्या, आठ नाणी कुठून आणणार? एक नोट मोडून आण आजीकडून. मोडल्यावर खिशातले पैसे वाढले का? कमी झाले का? तेवढेच. ती म्हणाली, "मग टीचर 'उधार लो' का म्हणतात? उधार घेतलं तर परत कधी करायचं?" प्रश्न अगदी वाजवी आहे. त्या वजाबाकीत कोणीच कोणाकडून उधार घेत नाही, आपलीच नोट आपण मोडतो. शब्द चुकीचा निवडला की पोरांच्या डोक्यात नसता गुंता होतो.

या नोटांवरून आणखी एक जाणवलं. मी लहान असताना रामबागेतल्या किराणा दुकानातून साखर आणायला जायचो, तेव्हा दुकानदार उरलेले पैसे हातावर मोजत परत द्यायचा. अडतीस, चाळीस, पन्नास, बावन्न. दोन, दहा, दोन. वजाबाकी न करता वजाबाकी. त्याचं बोट नाण्यावरून फिरायचं आणि आपल्या डोळ्यांसमोर चौदा रुपये जमायचे. आमच्या मुलांनी सुट्टे परत घेतलेलेच नाहीत. दुकानात फोन दाखवला, टिंग वाजलं, झालं. सोय मोठी आहे, मी स्वतः त्याच धंद्यात आहे. पण पाकीट नावाचा एक गणिताचा मास्तर घरातून गेला आणि त्याच्या जागी आपण दुसरा नेमला नाही.

असो. आमचं पोटदुखीचं प्रकरण आजीच्या त्रेसष्ट वर्षांवर बऱ्यापैकी निवळलं. मग बिल्डिंगमधली आणखी पाच-सहा मुलं रविवारी सकाळी आमच्याकडे यायला लागली, दुसरी ते पाचवीची. आधी पोहे (शेव आणि जीरावन घालून, ते वेगळं सांगायला नको), मग तासभर गणित. फी नाही. मी शिक्षक नाही, बी.एड. नाही. चाळीस मुलांच्या वर्गात उभं राहून अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या बाईंना जे जमणार नाही ते मला सात मुलांत जमतं, यात माझी काही हुशारी नाही. पण या वर्षभरात मला गणित शिकवण्याबद्दल जे वाटायला लागलंय ते तुमच्यासमोर ठेवतो, कारण आपल्यासारख्या घरांत काही अडचणी खास आपल्याच आहेत.

पहिली अडचण भाषेची. आमच्या पोरांच्या कानांवर आकडे तीन भाषांतून पडतात. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी, घरात मराठी. इंग्रजीत 'फिफ्टी-थ्री' म्हटलं की पाच आधी येतात, तीन नंतर, लिहितोही तसंच. मराठीत 'त्रेपन्न', म्हणजे तीन आधी ऐकू येतात. माझ्या सांगण्यावरून लिहिताना दुसरीतल्या एका मुलीने सलग तीन वेळा ३५ लिहिलं, आणि तिची आई म्हणाली की हिला आकडेच कळत नाहीत. कळतात. कानाने जे आधी ऐकलं ते हाताने आधी लिहिलं.

त्याहून गंमत 'एकोण'ची. एकोणसत्तर म्हटलं की मुलाला सत्तर ऐकू येतं, म्हणून ७९. हिंदीतलं 'उनहत्तर'ही त्याच जातीचं. पण हे दोघंही शेवटपर्यंत एका वाटेने जात नाहीत. आजी म्हणते एकोणनव्वद, म्हणजे नव्वदाला एक कमी. कामाच्या ताई म्हणतात नवासी, म्हणजे ऐंशीवर नऊ. आणि उनासी म्हणजे पुन्हा ऐंशीला एक कमी! नव्व्याण्णव आणि निन्यानवेला दोन्ही भाषा एकत्र येतात, तिथे 'एकोणशंभर' कोणी म्हणत नाही. हे सगळं मोठ्यांना इतकं पाठ असतं की त्यातली अडगळ दिसत नाही.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवसभर विनोद फिरत होते आणि दोन-चार मीही पुढे ढकलले. गणिताच्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या, आणि लहान मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा हा भार वाटू नये अशी त्यांची बाजू होती. तेव्हा मला मुलगी तीन वर्षांची होती आणि मत पक्कं होतं. आता मत तितकं पक्कं नाही. आमच्या रविवारी आम्ही दोन्ही करतो. आधी 'साठ नऊ' म्हणायचं, तशा नोटा मांडायच्या, मग मी विचारतो, याचं घरातलं नाव काय? एकोणसत्तर. सत्तरला एक नाणं कमी आहे म्हणून. शाळेतलं नाव आणि घरातलं नाव, हे मुलांना लगेच कळतं. त्यांचीही दोन नावं असतातच. जुने शब्द टाकून द्यावेत असं मला अजिबात वाटत नाही. ते गेले तर आजीने सांगितलेला भाव कळणार नाही. पण ते शब्द आले नाहीत म्हणून मुलाला गणित येत नाही असं म्हणू नये.

आपल्या भाषेचा फायदाही भरपूर आहे, तो वापरायला हवा. चौथीतली मुलं छातीठोकपणे सांगतात की एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा, कारण तिनापेक्षा चार मोठे. त्यांना पुस्तकातला वर्तुळाचा रंगवलेला तुकडा दाखवून फार उपयोग होत नाही. पण ज्या घरात 'चतकोर पोळी वाढू का?' असं विचारतात त्या घरातल्या मुलाला चतकोर म्हणजे अर्ध्याहूनही कमी हे पोटातून माहीत असतं. तिथून सुरुवात केली की बाकीचं सोपं जातं. माझ्या आईला तिच्या वडिलांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा शिकवली होती. ते इथल्या कापड मार्केटमध्ये मुनीम होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीनचे चार म्हणजे चौदा, हे आई अजून पापणी न हलवता सांगते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, तसतशी या पाढ्यांची गरज संपत गेली. ते परत आणा असं मी म्हणणार नाही. पण सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द अजून आपल्या तोंडी आहेत. मुलांसमोर ते मुद्दाम वापरा. 'दीड किलोचे किती, पाव किलोचे किती' यात अपूर्णांकाचं अर्धं पुस्तक आहे.

आता पाढे. इथे माझं आणि आईचं एक वर्ष भांडण चाललं. तिचं म्हणणं, दिवेलागणीला परवचा म्हणायचा, तीसपर्यंत पाढे, विषय संपला. माझं म्हणणं, पाठांतर म्हणजे गणित नव्हे. मी बऱ्यापैकी हरलो आहे. ज्या मुलाला सात आठे माहीत नाहीत तो भागाकार करायला बसला की प्रत्येक पायरीला त्याचा दम तिथेच संपतो, मूळ प्रश्न काय होता हे विसरतो. पाढे हवेतच. पण आधी पाढा मुलाने स्वतः बांधायचा, मग पाठ करायचा, एवढं मी आईकडून मंजूर करून घेतलं. सात आठे अडलं तर सात साते एकोणपन्नास येतात ना? त्यात आणखी एक सात. रस्ता माहीत असला की विसरलेलं गाव सापडतं. (आणि सात आठे इंदूरच्या पोराला अडायचंच कारण नाही. सात आठे छप्पन दुकान!)

बरोबरच्या चिन्हाने मला वेगळाच धक्का दिला. मी एकदा फळ्यावर लिहिलं: ८ + ४ = ☐ + ५. सातपैकी पाच जणांनी चौकटीत १२ लिहिले. एकाने १७. बरोबर उत्तर, सात, फक्त एकाचं. मी नीट विचारल्यावर कळलं की '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा त्यांचा समज आहे. दोन्ही बाजू सारख्या, हा अर्थ त्यांना कधी लागलाच नाही, कारण वहीत उत्तर नेहमी उजवीकडेच असतं. मला हसू आलं, कारण प्रोग्रॅमिंगमध्ये आमच्याकडेही एकेरी '=' म्हणजे 'ही किंमत तिथे ठेव' आणि दुहेरी '==' म्हणजे 'दोन्ही सारखे आहेत का', आणि या दोहोंची गल्लत करून नव्या मुलांनी किती रात्री घालवल्या आहेत! आम्ही मग आजीचा जुना तराजू काढला, दोन्ही पारड्यांत गोट्या टाकल्या. तीन रविवार तेच केलं. पुढे बीजगणितात 'क्ष' येईल तेव्हा याच चिन्हावर सगळा डोलारा उभा राहणार आहे, म्हणून मला घाई नव्हती.

घाईवरून आठवलं, ते सांगायलाच हवं. दुसऱ्या महिन्यात मला वाटलं, थोडी मजा आणू. फोनवर स्टॉपवॉच लावलं, वीस बेरजा, कोण आधी संपवतो. दोघा-तिघांना प्रचंड आवडलं. दुसऱ्या मजल्यावरचा चौथीतला एक मुलगा मात्र पहिल्या ओळीच्या पुढे गेलाच नाही. तो हात टेबलाखाली धरून बोटं मोजत होता, आणि कोणी पाहू नये म्हणून मान खाली घालून बसला होता. मला ते दिसलं आणि तरी मी घड्याळ थांबवलं नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या आईने पाहुणे आलेत म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्याही रविवारी पाहुणेच होते.

मी स्वतः कामाच्या ठिकाणी कोणी मागे उभं राहून घड्याळ बघायला लागलं तर दोन ओळी नीट लिहू शकत नाही. मग नऊ वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा का? स्टॉपवॉच त्या दिवशी बंद झालं ते झालंच. बोटांना आमच्याकडे आता टेबलावर उघड जागा आहे. मी स्वतः महिन्याचे दिवस मुठीच्या उंचवट्यांवर मोजतो आणि तेही मुलांना दाखवून.

तो मुलगा परत आला तो माझ्यामुळे नव्हे, कापरेकरांमुळे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते, संख्यांच्या नादातला माणूस. त्यांनी १९४९ साली शोधलेली गंमत अशी: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान, आणि वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच अडकता. शून्य आलं तर त्याची जागा सोडायची नाही, एवढंच पथ्य.

मी मुलांना आपापलं जन्मसाल घ्यायला सांगितलं. माझं १९८७ तीन पायऱ्यांत पोचलं: ८०८२, ८५३२, ६१७४. लेकीचं २०१६ निघालं लांबचं:

६२१० − ०१२६ = ६०८४
८६४० − ०४६८ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३

आणि पुढे ३९९६, ६२६४, ४१७६ करत करत सातव्या पायरीला ६१७४. मग तिने आजीचं १९५३ घेतलं. पहिल्याच वजाबाकीत आले ८१७२. ती ओरडलीच, "आजी माझ्या रस्त्यावर आली!" तिथून पुढे दोघींचा प्रवास एकच. तीन महिन्यांपूर्वी वजाबाकी म्हटलं की जिचं पोट दुखायचं, तिने त्या सकाळी हातच्याच्या तेरा वजाबाक्या केल्या, आणि कोणी सांगितलं म्हणून नव्हे.

सोमवारी बस स्टॉपवर तिने हे दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राला दाखवलं असणार, कारण पुढच्या रविवारी तो वही घेऊन दारात उभा होता. तो अजून सावकाशच करतो. त्याने तीन अंकी संख्यांचं काम हाती घेतलं. ३५२ वरून २९७, ६९३, ५९४, ४९५, आणि ४९५ वर मुक्काम. तासभर सगळे पुढे धावत होते आणि हा वहीकडे बघत बसला होता. मग म्हणाला, "काका, मधला अंक नेहमी नऊच येतो. और बाजूवाले दोन जोडले तरी नऊ." मी पाहिलं, खरंच की. प्रत्येक वजाबाकी नव्व्याण्णवच्या पाढ्यातली असते म्हणून तसं होतं, हे मी नंतर बसून काढलं. त्याने ते आधी पाहिलं. शाळेतले त्याचे मार्क मात्र होते तिथेच आहेत, वीसपैकी अकरा-बारा. त्याच्या आईने परवा लिफ्टमध्ये विचारलं, "मार्क कधी वाढतील?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांना ते आवडलं नसावं.

लेक आता चौथीत गेली. गुरुवार आता साधा गुरुवार आहे. तिला सगळं येतं असं नाही. परवा तिने विचारलं, "सगळे ६१७४ लाच का जातात?" मी सरळ सांगितलं की मला नीट सांगता येत नाही. "मग पाच अंकी घेतले तर?" तेही मला ठाऊक नव्हतं. मी फोनकडे हात नेला तर तिने तो उचलून ठेवला.

कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं. तिने १२३४५ घेतले. पहिलं उत्तर ४१९७६, मग ८२९६२, मग ७५९३३, ६३९५४, ६१९७४. संध्याकाळचे सात वाजत आले, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. तिने पुढची वजाबाकी मांडली, हातचे घेत घेत खाली उतरली, आणि आईने चष्मा वर करून पानावर बोट ठेवलं.

"अगं थांब. हा ८२९६२ मघाशी आला होता की."

दोघींनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. "म्हणजे आपण आता गोल गोल फिरणार?" लेकीने विचारलं.

"दुसरी संख्या घे," आई म्हणाली आणि कॅलेंडरचं पुढचं पान फाडलं. ते चालू महिन्याचं होतं.